दोन कार्डांचं विमान

सुभेदार विमान उडवायला बसले की आधी पट्टा बांधायचे. विमान म्हणजे माधवनगरच्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलेला मुलाचा कॉम्प्युटर. आणि पट्टा म्हणजे फौजेतला जुना कॅनव्हासचा पट्टा, खुर्चीच्या पाठीमागून घेऊन पोटावर आवळलेला. शेजारच्या खुर्चीत काकू, म्हणजे त्यांची बायको. त्यांनाही पट्टा असे, पण तो मी बांधायला लावलेला. अर्धांगवायूनंतर काकूंचा तोल डावीकडे जायचा, आणि नुसतं बसवलं तर त्या हळूहळू कलंडायच्या. सुभेदारांना पट्ट्याची काही गरज नव्हती. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला एकटीलाच बांधलं तर ती आजारी दिसती. दोगांस्नी बांधलं की परवासी दिसतो."

मी तेव्हा फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून नुकतीच साताऱ्याहून सांगलीला आले होते. विश्रामबागला एक खोली घेतली होती. सकाळी इस्पितळ, दुपारी लूनावरून घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तरी आमचं काम म्हणजे शिकलेल्या बाईनं केलेलं मालिश अशीच बहुतेकांची समजूत होती. सुभेदारांनी मात्र पहिल्याच दिवशी मला दारात कडक सॅल्यूट ठोकला आणि "डॉक्टरीणबाई" म्हणून हाक मारली. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते दर वेळी "बराबर हाय, डॉक्टरीणबाई" म्हणत.

ते साताऱ्याकडच्या एका गावचे. घरटी एक तरी माणूस फौजेत असलेलं ते गाव. सुभेदार फौजेत लढाईसाठी गेले खरे, पण त्यांची सगळी नोकरी मालाच्या गाड्या हाकण्यात गेली. रसद घेऊन लडाखला चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. सुट्टीवर आले की ओसरीवर बसून काकूंना लडाखचं वर्णन करायचे. तिथलं आभाळ इतकं निळं की काळं वाटतं. डोंगरावर झाड नाही, गवत नाही, तरी डोळा हलत नाही. "पेन्शनीत आलो की तुला नेतो," असं प्रत्येक सुट्टीत ठरायचं. काकू तेव्हा गावाकडं सासू-सासरे आणि ऊस सांभाळत होत्या. मग पेन्शन आली, माधवनगरच्या गिरणीत पहाऱ्याची नोकरी आली, मुलाचं, विनयचं इंजिनिअरिंग आलं. विनय बंगळूरला नोकरीला लागला आणि आता निघायचं म्हणून सुभेदारांनी गरम कपडे काढून उन्हात टाकले, त्याच आठवड्यात काकू चुलीपुढं कोसळल्या.

काकूंच्या आजारात एक चमत्कारिक गोष्ट होती. डावा हात-पाय तर लुळा पडला होताच, पण डावी बाजू नावाची काही चीज जगात आहे, हेच त्यांच्या मेंदूला आठवत नव्हतं. डोळे शाबूत, बोलणं खणखणीत, पण ताटातली उजवीकडची भाजी तेवढी खायच्या आणि डावीकडची भाकरी तशीच ठेवून म्हणायच्या, "आज भाकरी वाडली न्हाई व्हय?" केस विंचरायच्या तेही उजव्या बाजूचेच. सुभेदार त्यांचं ताट गर्रकन फिरवायचे. मग भाकरी उजवीकडे यायची आणि काकू म्हणायच्या, "आत्ता कशी आली?"

हे ताट फिरवणं मी बंद करायला सांगितलं. त्यांनी स्वतः डावीकडे वळून बघितल्याशिवाय मेंदू पुन्हा शिकणार नव्हता. पुढचं सांगणं त्याहून कठीण होतं. सुभेदारांनी कायम काकूंच्या डाव्या हाताला बसायचं, तिथूनच बोलायचं, आणि त्यांनी मान वळवेपर्यंत उजवीकडे यायचं नाही. सुभेदारांनी तो हुकूम पाळला, पण त्यांचे हाल बघवत नसत. काकूंच्या खुर्चीला खुर्ची लावून ते बसलेले असायचे आणि काकू मला विचारायच्या, "हे कुटं गेलं सकाळधरनं?" सुभेदार माझ्याकडे बघायचे. मी मानेनंच 'थांबा' म्हणायचे. ते खाकरायचे, नंतर हळूच म्हणायचे, "मी हितंच हाय गं." काकू आवाजाच्या शोधात उजवीकडे, पार दाराकडे बघायच्या. असे कितीतरी महिने गेले. घरात नवरा आहे आणि नाहीही, अशा त्या दिवसांत काकू हळूहळू गप्प होत चालल्या होत्या. व्यायामाला हात पुढे करायलाही त्यांना कंटाळा यायला लागला.

विमानाचा खेळ विनयच्या कॉम्प्युटरवर आधीपासून होता. गिरणीची पाळी संपल्यावर सुभेदारांनी तो एकदा सहज लावला आणि त्यांना त्यात बर्फाचे डोंगर सापडले. हा माणूस तिथं शत्रूची विमानं शोधत नव्हता, उतरायच्या धावपट्ट्याही नाही. ते ट्रक हाकल्यासारखं विमान हाकायचे. दरीतल्या रस्त्याच्या वरून, अगदी हळू, वळणावर स्वतः अंग झुकवून. खेळातले डोंगर तसे ओबडधोबड, कागद चुरगाळून ठेवल्यासारखे. मी म्हटलं, "हे लडाख आहे का?" ते म्हणाले, "लडाख न्हाई. पर लडाखचा चुलतभाऊ हाय. तोंडावळा घावतोय."

एका दुपारी त्यांनी काकूंना पडद्यापुढं आणून बसवलं. माझ्या मनात आलं, हलणारं चित्र आहे, नजर त्याच्यामागे डावीकडे गेली तर हवीच आहे. पण ते चित्र सरकत नव्हतं, हिसके देत होतं. डोंगर इथं दिसायचा, अडकायचा, एकदम तिथं दिसायचा. काकूंनी डोळे गच्च मिटले, म्हणाल्या, "एस्टी लागल्यावानी व्हतंय," आणि पाठोपाठ त्यांना उलटी झाली. मी खेळ बंद करायला लावला आणि पुन्हा असलं करायचं नाही म्हणून बजावलं. सुभेदार बादली उचलून आत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "चित्र लोण्यागत सरकलं तर चालंल का?" मी म्हटलं, "तर बघू."

त्या 'तर बघू'वर ते शिरीषच्या दुकानात जाऊन बसले. शिरीष विश्रामबागच्या कॉलेजरस्त्यावर कॉम्प्युटर जोडून देणारा, पोरगेलासा पण मोठा तडफदार माणूस. त्यानं सांगितलं की असले खेळ रंगवायला कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड लागतं. विनयनं तसं एक घातलेलं आहे, पण एकट्याला एवढं काम झेपत नाही. तसंच दुसरं कार्ड शेजारी लावून दोघांना एका पट्टीच्या वायरनं जोडलं, की पडद्यावरची एक बारीक ओळ पहिलं कार्ड काढतं, तिच्या खालची दुसरं, मग पुन्हा पहिलं. काम वाटलं जातं आणि चित्र हिसके न देता वाहतं. सुभेदारांना हे फार आवडलं. "म्हंजे दोन डायवर, एक गाडी," असं ते वाटेत मला थांबवून सांगायला लागले.

विनयनं बंगळूरहून कार्ड पाठवलं, पण ते निघालं दुसऱ्याच कंपनीचं. शिरीषनं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि मान हलवली. आतली मुख्य चिप एकच, पण एक कार्ड लांब, एक आखूड. एकाची जोडणीची जागा वर, दुसऱ्याची बाजूला. "सुभेदार, दोन कंपन्यांची कार्डं एकमेकांशी बोलत नाहीत हो. परत पाठवा आणि जोडीचं मागवा."

"जोडीचं मिळतंय का?"

"आता ते यायचं बंद झालंय."

सुभेदार स्टूल ओढून बसले. "शिरीषराव, आमच्या गाडीवर एक मद्रासी हुता आन् एक गढवाली. एकाची बोली दुसऱ्याला कळत न्हवती. पर घाटात गाडी बंद पडली की दोगं बराबर एकाच टायमाला उतरायची, एक दगूड लावायचा, दुसरा बॉनेट उगडायचा. तुमी ह्येंना घाटात तर घाला."

मग ते घाटात घालणं बरंच लांबलं. सुभेदार कॉम्प्युटरचा डबा रगात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवत आणि माधवनगरहून विश्रामबागला आणत. आधी पडदा काळाच राहिला. कार्डांच्या जागा बदलल्या तर चित्र आलं, पण एकाआड एक ओळ गायब. जाळीच्या खिडकीतून बाहेर बघावं तसं. वायर आखूड पडत होती, म्हणून शिरीषनं जुन्या फ्लॉपी-ड्राइव्हच्या वायरची लांब पट्टी कापून जोडली. शेवटी त्याच्या लक्षात आलं की या किंवा त्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेऊन भागणार नाही, चिप बनवणाऱ्यांचं मूळचं लागेल, म्हणजे दोन्ही कार्डांना ते आपलंच वाटेल. ते फोनच्याच लाइनवर चालणाऱ्या इंटरनेटवरून उतरवायचं होतं, आणि दुकानाचा फोन वाजला की कनेक्शन तुटून सगळं पहिल्यापासून. सुभेदार त्यासाठी शिरीषच्या घरी जाऊन त्याच्या आईला विनंती करून आले, "जेवणाच्या वक्तापतोर फोन करू नका माऊली, लय नाजूक काम चाललंय." शिरीष नंतर सांगायचा की त्याच्या आईला वाटलं, पोराचं लग्नच ठरतंय.

आणि एका सकाळी दुकानातल्या पडद्यावर डोंगर सरकायला लागला. शिरीष ओरडलाच. सुभेदार खुर्चीतून उठले आणि पडद्यापुढं सावधानमध्ये उभे राहिले.

घरी आणल्यावर आणखी एक गोष्ट कळली. दोन्ही कार्डं मिळून इतकी तापत की थोड्या वेळानं चित्र थिजायचं. शिरीषनं सुचवल्याप्रमाणे डब्याची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला. मी काकूंना खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. सुभेदार त्यांच्या डावीकडे बसले, स्वतःचा पट्टा बांधला आणि खेळ सुरू केला. दोन्ही कार्डांच्या रंगात किंचित फरक होता, त्यामुळे आभाळावर अगदी बारीक आडव्या रेघा दिसत होत्या. काकू बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आभाळ खणाच्या कापडाचं हाय का वो?" कितीतरी दिवसांनी त्या आपण होऊन काही बोलल्या होत्या.

विमान वर चढलं. खाली बर्फ, वर ते खणाचं आभाळ. फॅनचं वारं डब्याला लागून काकूंच्या तोंडावर येत होतं. त्यांनी उजव्या हातानं पदर ओढून कानावर घेतला. "वारं लय हाय वर," त्या पुटपुटल्या. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. पुढं एक उंच पांढरा डोंगर आला. सुभेदारांनी सवयीप्रमाणे अंग झुकवून विमान उजवीकडे वळवलं आणि डोंगर हळूहळू पडद्याच्या डाव्या कडेकडे सरकायला लागला. काकूंच्या नजरेतून तो सुटला.

"कुटं गेला?" काकू म्हणाल्या.

काकूंची हनुवटी हलली. मान मधोमध आली, थांबली, आणि मग गंजलेली कडी सरकावी तशी थोडी थोडी डावीकडे गेली. डोंगर सापडला. तो आणखी डावीकडे गेला, पडद्याबाहेर गेला, आणि त्याच्या मागोमाग निघालेली काकूंची नजर पडद्याची कड ओलांडून सुभेदारांवर येऊन थांबली.

"आवं," त्या म्हणाल्या, "तुमी हितं बसलाय व्हय?"

सुभेदारांच्या हातून विमान वळवायची दांडी सुटली. "हितंच हाय की," ते म्हणाले. पडद्यावर विमान नाक खाली करून घिरट्या घेत पडलं, आणि इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. "पडलं की वो," काकू म्हणाल्या. सुभेदार हसत होते आणि डोळे पुसत होते. पट्टा सोडायचंही भान नव्हतं, त्यामुळे त्यांना वाकून काकूंना धरता येत नव्हतं, नुसता हात लांब करून ते त्यांचा लुळा हात कुरवाळत बसले.

त्यानंतर दुपारचं उड्डाण हाच आमचा व्यायाम झाला. काकूंनी डोंगर कुठं आहे ते सांगायचं, सुभेदारांनी तो मुद्दाम डावीकडे न्यायचा. हळूहळू ताटातली भाकरी काकूंची काकूंना सापडू लागली. डाव्या बाजूचे केसही विंचरले जाऊ लागले. पुढं तीन पायांची काठी धरून त्या अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ लागल्या. मी इतर घरांमधून दमून येई, आणि त्या खोलीत त्या दोघांच्या मागे खुर्ची टाकून बसले की माझाही पाय जमिनीवरून सुटल्यासारखा वाटे. सुभेदार संथपणे बोलत असत. ह्या वळणावर आम्ही चहा करायचो. ह्या दरीत सावली पडली की पाणी गोठायचं. खेळातल्या त्या कागदी डोंगरात चहाची टपरी नव्हती, नदीही नव्हती, पण ते सांगायला लागले की दिसायची.

मध्येच वीज गेली की पडदा काळा व्हायचा आणि फॅन थांबायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा काकू घाबरल्या. आपण वर आणि विमान नाहीसं. सुभेदारांनी दांडीवरचा हात हलू दिला नाही. "ढगात शिरलोय, मेमसाब," ते म्हणाले. "डोळं मिटा. आता हळू हळू उतरतोय. खाली नदी दिसती. रस्ता दिसतोय, आपलीच गाडी हाय त्येच्यावर. आली... आली... चाकं टेकली." काकूंनी डोळे उघडले आणि समाधानानं निःश्वास सोडला. त्यानंतर वीज गेली की त्या आपण होऊन डोळे मिटायच्या. मला तर कधी कधी वाटायचं, सुभेदार खरं उडवायचे ते तेव्हाच.

काकू बऱ्यापैकी चालू लागल्यावर सुभेदारांच्या मनानं पुन्हा उचल खाल्ली. त्यांनी मला इस्पितळाच्या दारात गाठलं. "दिल्लीपतोर रेल्वे, तितनं विमान. खुर्ची मिळती म्हनं. तुमी डॉक्टरसायबांना इचारा." आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काकूंचं रक्तदाबाचं सगळं बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, एवढ्या उंचीवर, एवढ्या विरळ हवेत यांना न्यायचं नाही. सुभेदारांनी एकदाही उलट विचारलं नाही. बाहेर पडल्यावर ते झाडाखाली स्कूटरला टेकून उभे राहिले. "हुकूम तो हुकूम," ते म्हणाले. स्कूटर चालू करताना म्हणाले, "तिला ह्यातलं काई बोलू नगा." आणि दुपारी नेहमीसारखा पट्टा बांधून बसले. त्या दिवशी त्यांनी विमान फार वेळ उडवलं. उतरवलंच नाही.

पुढं मला साताऱ्याच्या इस्पितळात जागा मिळाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा सुभेदारांनी मला आग्रहानं खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला आणि दांडी माझ्या हातात दिली. मला काही ते जमेना. विमान सारखं एका कुशीवर जाई. मागून काकू हसत होत्या. "डॉक्टरीणबाई," सुभेदार म्हणाले, "जोर लावू नका. गाडीला वाट ठाऊक अस्ती. तुमी नुसतं तिच्या बराबर ऱ्हावा." माझ्या पेशात पुढं मला जे काही येऊ लागलं, त्यातलं बरंचसं या एका वाक्यातलं आहे. अडलेल्या हाताला ओढायचं नाही, त्याच्या बाजूला बसून राहायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बघितलं मात्र त्या खोलीत.

त्यानंतरच्या थंडीत विनयचा फोन आला. सुभेदार मंडईतून येताना रस्त्यातच गेले. हृदय थांबलं, कुणाला काही करायला अवधीच मिळाला नाही. क्रियाकर्म गावाकडे होतं. गाव साताऱ्याहून जवळच, म्हणून मी सकाळच्या एस्टीनं गेले. अंगणात माणसं बसली होती. आत बायकांच्या घोळक्यात काकू भिंतीला टेकून बसलेल्या, शेजारी तीन पायांची काठी. मला बघून त्यांनी नुसता हात पुढं केला. डावा. बोटं अजून वाकडीच होती, पण हात वर आला होता.

कुणीतरी म्हातारी जाऊबाई हुंदके देत बोलत होती. बिचारीनं जन्म काढला चुलीपुढं. धनी देशभर हिंडला, आन् हिला गावाच्या वेशीबाहेर काय बघाय मिळालं? आता कोण दावणार?

काकूंनी मान वळवली. डावीकडे बसलेल्या त्या जाऊबाईकडे त्यांनी सरळ बघितलं.

"मी लडाख बगितलंय," त्या म्हणाल्या. "दोगंबी जात हुतो. लय वारं अस्तं तितं. बरफावर ऊन पडलं की डोळं दिपत्यात. आन् उतरताना ढग लागत्यात, तवा डोळं मिटून घ्यायचं, हे सांगत्यात कुटं आलो ते."

दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. दुःखानं बाईचं चित्त चळलं असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. जाऊबाई माझ्याकडे वळली. शिकलेली, शहरातली, घरी येत-जात असलेली मीच तेवढी होते.

"व्हय का वो बाई? ही खरंच गेलीती तितं?"

काकूंची वाकडी बोटं माझ्या हातात होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना साक्षीची गरज नव्हती.

"हो," मी म्हटलं. "मी मागं बसले होते."